बिनबोभाट रफू

आमच्या बाजारात त्यांना तोंडावर सगळे काका म्हणायचे आणि पाठीमागे बिनबोभाट. सकाळी दुकान उघडताना त्यांच्या शटरचासुद्धा आवाज व्हायचा नाही. माझं शटर वर गेलं की अख्ख्या गल्लीला कळतं, बटणवाली आली. त्यांनी कधी उघडलं, कधी केर काढला, कधी कामाला बसले, काही पत्ता लागायचा नाही. त्यांच्या भिंतीला भिंत लावून मी सव्वीस वर्षं दुकान चालवलं. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं मी एका गिऱ्हाइकाला डझनभर बटणं देताना बोलते. मी आहेच फाटक्या तोंडाची. माझं तोंड काकांनाही रफू करता आलं नसतं.

दुकान कसलं, जिन्याखालची जागा. मागे छत इतकं उतरतं की उभं राहिलं की कपाळमोक्ष. काका उभे राहतच नसत म्हणून निभावलं. खिडकीशी खुर्ची, वाकड्या मानेचा दिवा, एक भिंग आणि भिंतीवरच्या जुन्या उशीत टोचलेल्या सुया. काही सुया इतक्या बारीक की मला तर नेढंच काय, सुईही दिसायची नाही. दारावर पाटी नव्हती. ज्यांना माहीत होतं ते यायचे.

काम रफूचं. कपडा फाटला, उंदराने कुरतडला, इस्त्रीने जळला की त्यांच्याकडे यायचा. शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. काका त्या मायेतलेच धागे एकेक करून ओढून काढायचे, म्हणजे रंगात फरक नको. मग फाटलेल्या जागेच्या कडा बारीक कात्रीने साफ करायचे आणि त्या भोकावर एक धागा उभा, एक आडवा असं नवीन कापडच विणत न्यायचे. झालं की खिडकीशी धरून बघायचे. उजेडातही काही दिसलं नाही तर काम पूर्ण. जरा जरी दिसलं तरी उसवून पुन्हा पहिल्यापासून. असं एकदा एका कोटाच्या कोपरासाठी त्यांनी चार दिवस घालवलेले मी पाहिलेत. त्या कोटाचा मालक येऊन म्हणाला, ‘‘काका, हा माझा कोट नाही, माझा फाटलेला होता.’’ काका हसले होते. त्यांना हसताना पाहण्याचा योग तसा दुर्मीळच.

हे काम ते मामाकडे शिकले. वडील लवकर गेले, आईने बाराव्या वर्षी भावाच्या हाती सोपवलं. मामाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की कपडा कसा फाटला हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. आपणहून सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि विसरून जायचं. मामा कधीच गेला, पण हा नियम काकांनी देवाच्या शपथेसारखा पाळला. एकदा एक बाई तणतणत आली, नवऱ्याचा सदरा दाखवून म्हणाली, ‘‘हा इथे रफूला आला होता का, आणि कुणी आणला होता?’’ काकांनी सदरा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, ‘‘आठवत नाही.’’ सदरा आठ दिवसांपूर्वी कुणी आणला होता ते मला पक्कं आठवत होतं, आणि ती काही त्याची बहीण नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आत जाऊन बटणांच्या बरण्या पुसायला लागले. लोक त्यांच्याकडे येत ते हाताच्या कसबासाठी, हे खरंच. पण निम्मे येत ते तोंडाच्या कुलपासाठी.

काकू गेल्या तेव्हाही तसंच. दोन दिवस दुकान बंद राहिलं, तिसऱ्या दिवशी बघते तर काका खुर्चीत. मी रडले, ते नाही.

मग दिवस फिरले. कपडा फाटला तर फेकून नवा घ्यायची रीत आली. दिवसाला एक गिऱ्हाईक, कधी तेही नाही. जागेचा मालक महिन्याला चक्कर टाकून गोड आवाजात विचारायचा, ‘‘काका, अजून बसताय का?’’ हात चालू आहेत तोवर खुर्ची सोडायची नाही, एवढंच काकांच्या मनात होतं. पण नुसत्या खुर्चीत बसून हात चालत नाहीत, कपडे यावे लागतात.

त्याच सुमारास त्यांच्या लेकीचा छापखाना बंद पडला. ती तिथे जाहिरातींची, पत्रिकांची चित्रं जुळवायची. मुलगी हुशार, जिभेने माझ्यावर गेलेली, बापावर अजिबात नाही. घरी बसून बापाचं डोकं खाण्यापेक्षा दुकानात बसून खायला लागली. एक दिवस मीच तिला म्हटलं, ‘‘अगं, सगळं जग त्या फोनमध्ये दुकान मांडून बसलंय. बापालाही बसव की.’’ ही कल्पना माझी. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला जड जाईल.

तिने पेज उघडलं. नाव काय ठेवायचं, तर मीच म्हटलं, ‘बिनबोभाट रफू’. काकांना आपलं हे टोपणनाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ‘‘मला असं म्हणतात?’’ एवढंच विचारून ते पुन्हा कामाला लागले.

पहिले पंधरा दिवस नुसता तमाशा. लेकीने हौसेने एका जॅकेटच्या रफूचा फोटो टाकला. फोटोत काय, तर अख्खं, चांगलं जॅकेट. लोकांनी विचारलं, ‘यात बघायचं काय?’ मग तिने आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी टाकले. त्यावर, ‘दोन वेगळी जॅकेटं आहेत, फसवणूक आहे.’ एकाने तर लिहिलं की असल्या लोकांवर तक्रार करायला हवी. लेक चिडून लाल. काकांना मात्र हे फार आवडलं. दुकान बंद करायच्या आधी ती त्यांना सगळ्या कमेंट वाचून दाखवायची, त्यात ही कमेंट त्यांनी दोनदा वाचायला लावली. आयुष्यात त्यांच्या कामाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं.

मग तिने युक्ती केली. कपडा आला की आधी फाटलेल्या जागेचा व्हिडिओ घ्यायचा, मग काकांच्या हातांचा, सुई धागा उचलते त्याचा, आणि शेवटी तीच जागा. मध्ये कुठेही न तोडता, म्हणजे कुणाला शंका नको. फोन धरायचं काम माझ्याकडे. काका पहिल्यांदा फोनकडे असे बघत बसले की जणू सरकारी ओळखपत्राचा फोटो काढतोय. ‘‘बाबा, फोनकडे नाही, कापडाकडे बघा!’’ असं ओरडून ओरडून पोरीच्या नाकी नऊ आले. पण ते हात एकदा लोकांना दिसले आणि जादू झाली. लोक कामाची गोष्ट सोडून नुसते हात बघत बसायचे. लांबून लांबून पार्सलं यायला लागली. जागेच्या मालकाचा गोड आवाज बंद झाला. एक दिवस मी काकांना हळूच गुणगुणताना ऐकलं आणि चहा ओतता ओतता हात भाजून घेतला.

गिऱ्हाइकाला विचारून व्हिडिओ घ्यायचा का, असं काकांनी एकदा विचारलं होतं. लेक म्हणाली, ‘‘चेहरा नाही, नाव नाही, नुसतं कापड. कापडाला कसली आलीय लाज?’’ मीही मान हलवली. काका गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावला.

आता खिळेबाईचं सांगायला हवं. हे नाव आम्हीच ठेवलेलं, मी आणि लेकीने. पेजच्या बऱ्याच आधीपासून, चार वर्षं ती काकांकडे येत होती. तिशीची असेल. नीटनेटकी, हळू बोलणारी, कपडा घडी घालून पिशवीत आणणारी. काका विचारत नसत, तरी ती आपणहून सांगायची, ‘‘खिळ्यात अडकलं.’’ दर वेळी खिळा. कधी बाही, कधी गळा, कधी पाठ. काकांकडून निघाली की माझ्याकडे यायची आणि जुन्याला जुळतील अशी बटणं शोधायची. दोनच लागायची. मी लेकीला म्हणायचे, ‘‘हिच्या घरात भिंती कमी आणि खिळे जास्त आहेत की काय? हिला कुणीतरी एक हातोडी घेऊन द्या बाई.’’ आम्ही दोघी खिदळायचो. काका मान वर करायचे नाहीत.

पेजला वर्ष झालं तेव्हा लेकीने एक खास व्हिडिओ बनवायचं ठरवलं. वर्षभरात खिळेबाईचे सात कपडे येऊन गेले होते आणि सातांचेही व्हिडिओ तिच्याकडे होते. ते एकापाठोपाठ एक लावले. फाटका ड्रेस, अख्खा ड्रेस. फाटका कुर्ता, अख्खा कुर्ता. शेवटी एक हिरवा लोकरीचा कोट, खांद्यापासून काखेपर्यंत उकललेला, आणि मग तोच कोट, नव्यासारखा. वर लिहायला ओळ मी दिली. ‘एक ताई, एक वर्ष, सात वेळा खिळा! खिळे हरले, बाबा जिंकले!’

तो व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. आधीच्या सगळ्यांची बेरीज केली तरी एवढे बघणारे नव्हते. खाली नुसती थट्टा. ताईंना घर बदलायला सांगा. ताई खिळ्यांचा कारखाना चालवतात का. हातोडीची माझी कल्पना तर वीस जणांना सुचली होती. लेक वाचत होती, मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. आणि मग ती वाचता वाचता थांबली. एका बाईने लिहिलं होतं, ‘हा हिरवा कोट माझ्या बहिणीचा आहे. त्याचं कापड मी घेतलं होतं. तो कधी फाटला? कृपया मला फोन करा.’

काकांनी हातातली सुई उशीत टोचली.

‘‘पुसून टाक,’’ ते म्हणाले.

‘‘अहो बाबा, ती फक्त विचारतेय. फोन करून बघूया ना.’’

‘‘गिऱ्हाइकाच्या घरी कळलं. आपल्याकडून कळलं.’’ त्यांनी हातातलं कापड बाजूला सारलं. ‘‘पन्नास वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं. पुसून टाक सगळं.’’

‘‘सगळं? बाबा, या एका पेजवर दुकान उभं आहे!’’

‘‘मग पडू दे दुकान.’’

मी काहीतरी मध्ये बोलायला गेले, तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘तुम्ही बोलू नका.’’ सव्वीस वर्षांत ते माझ्यावर आवाज चढवून बोलल्याची ही एकच वेळ. पोरीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने बापासमोर बसून एकेक व्हिडिओ पुसला, मग पेज पुसलं, मग फोनमधले मूळ व्हिडिओसुद्धा, प्रत्येक वेळी ‘‘झालं समाधान?’’ असं विचारत. त्या बाईला फोन कुणीच केला नाही. काकांच्या लेखी तो अब्रूचा प्रश्न होता, आणि तो असा मिटला असं त्यांना वाटलं.

पार्सलं थांबली. जागेचा मालक पुन्हा गोड बोलायला लागला. काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष दाराकडे. खिळेबाई महिन्या-दोन महिन्यांनी येणारच, आली की तिची हात जोडून माफी मागायची, असं त्यांनी ठरवलं होतं. कसं मागायची हेसुद्धा ते मनात जुळवत असावेत, कारण मध्येच त्यांचे ओठ हलायचे. महिना गेला. दुसरा संपत आला. एक दिवस त्यांनी मला विचारलं, ‘‘तुमच्याकडे आली होती का हो, बटणांना?’’ नाही म्हटलं. मी स्वतःला समजावलं की रागावली असेल, दुसरीकडे जात असेल.

आणि एका दुपारी एक अनोळखी बाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. हातात मोठी पिशवी. ‘‘इथे बिनबोभाट रफू नावाचं दुकान आहे का?’’ तिने विचारलं. ‘‘मी चार बाजार पालथे घातले, कुणाला हे नाव माहीत नाही.’’ कुठून माहीत असणार? पाटी नाही, आणि ते नाव तर आम्ही थट्टेने ठेवलेलं.

मी तिला शेजारी घेऊन गेले. ती खिळेबाईची मोठी बहीण होती, लांब दुसऱ्या शहरात राहणारी. तिने पिशवीतून हिरवा कोट काढला. काकांनी तो घेतला आणि न बघता त्यांची बोटं बरोबर खांद्यापाशी गेली.

‘‘तुम्हीच केलंय ना हे?’’

‘‘हो.’’

‘‘तुमचा व्हिडिओ होता याचा. मला तो हवाय. तो आणि बाकीचे सहाही.’’

लेक म्हणाली, ‘‘नाहीयेत. पुसून टाकले.’’

‘‘फोनमध्ये असतील.’’

‘‘फोनमधूनही. महिन्याभरात परत मिळवता येतात. आता... नाही.’’

बहीण खाली बसली. जिन्याखालच्या त्या उतरत्या छताखाली, जमिनीवरच बसली. मी तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही.

‘‘व्हिडिओ बघितला आणि मी तिला लगेच फोन केला,’’ ती म्हणाली. ‘‘ती म्हणाली, भलतंच काय, माझा कोट कपाटात आहे. मी म्हटलं, दाखव. तिने व्हिडिओ कॉल लावला आणि कोट माझ्यासमोर धरला. खांदे दाखवले, बाह्या दाखवल्या, गोल फिरवून दाखवला. कुठे एक टाका नाही. मी पुन्हा तुमचा व्हिडिओ उघडायला गेले तर तोही नव्हता. मग मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी कोट असेल, माझंच डोकं फिरलंय. मी तिची माफी मागितली, काका. तिला म्हटलं, सॉरी गं, मी उगाच नाही नाही त्या शंका घेतल्या.’’

मग तिने पुढचं सांगितलं. त्यानंतर सहा आठवड्यांनी हॉस्पिटलमधून फोन आला. जबडा मोडला होता. डाव्या कानाने आता काही ऐकू येत नाही. नवरा सांगतो जिन्यावरून पडली, ती कायमच धडपडते, तिचं लक्षच नसतं. सहा वर्षांचा मुलगा त्याच्याकडे आहे आणि तो द्यायला तयार नाही. ‘‘वकीलबाई म्हणतात, हे आधीपासून चालू होतं असं काहीतरी दाखवा. शेजाऱ्यांनी कानावर हात ठेवले. तिचं कपाट उघडलं तर सगळे कपडे असे, नव्यासारखे.’’ तिने पिशवी काकांच्या पायाशी ओतली. ‘‘हे उसवलं तर दिसेल ना?’’

काकांनी त्या ढिगाकडे बघितलं. ‘‘भोक दिसेल,’’ ते म्हणाले. ‘‘पण रफूच्या आधी मी कडा कातरतो. आता उसवलं तर कात्रीने कापल्यासारखं दिसेल.’’

मग काका खुर्चीतून उठले, जमिनीवर तिच्यासमोर बसले आणि लेकीला म्हणाले, ‘‘वही घे. लिही.’’

आणि तो मुका माणूस बोलायला लागला. एकेक कपडा उचलायचा, बोट ठेवायचं आणि सांगायचं. हा पांढरा ड्रेस, पहिला आलेला, चार वर्षांपूर्वी, थंडी संपताना. डावी बाही. खिळ्याने कापड एका जागी पकडलं जातं आणि तिथून कोनात फाटतं. हे शिवणीवर उसवून पुढे गेलेलं, म्हणजे पाठीमागून बाही धरून ओढलंय. हा निळा कुर्ता, त्याच वर्षी. गळ्यापाशी, पुढून, मुठीत धरून. या ड्रेसच्या पाठीला जळलेलं होतं, लहान, गोल. कोणता कपडा कोणत्या महिन्यात आला, कुठून कुठवर फाटला होता, किती धागे गेले होते, सगळं. चार वर्षांत एकही कपडा ते विसरले नव्हते. दोन गिऱ्हाइकं दारात येऊन परत गेली तरी ते बोलतच होते. लेकीचं लिहिता लिहिता रडणं थांबेना. मी ढिगातला एक कुर्ता उचलला आणि त्याची वरची दोन बटणं मीच विकलेली होती. दुसरा उचलला, त्याचीही वरचीच दोन. दर वेळी गळ्याजवळची दोन. मी बटणवाली, बटण झिजून तुटलं की ओढून तुटलं हे मला दोऱ्यावरून कळतं. मी कधी दोऱ्याकडे बघितलंच नाही, मी हातोडीचे विनोद करत होते. हे मी त्या बहिणीला सांगितलं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटचा हिरवा कोट सांगून झाला तेव्हा वहीची अकरा पानं भरली होती. बहीण म्हणाली, ‘‘तुम्हाला हे कधी कळलं होतं?’’

‘‘पहिल्याच वेळी,’’ काका म्हणाले.

‘‘पांढऱ्या ड्रेसच्या वेळी?’’

‘‘हो.’’

‘‘आणि चार वर्षांत तुम्ही तिला एकदाही विचारलं नाहीत?’’

काकांनी मान हलवली. नाही. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, मामाबद्दल, नियमाबद्दल असेल, पण ते खाली वाकून कपड्यांच्या घड्या घालायला लागले. बहिणीने कपडे भरले. जाताना ती लेकीला म्हणाली, ‘‘तुमचा व्हिडिओ बघून मला राग आला होता. पण तिचं काय चाललंय ते मला तेवढ्या एकाच जागी दिसलं होतं.’’

काकांनी पुढे कोर्टात साक्ष दिली. बिनबोभाट म्हणवणारा माणूस भर कोर्टात उभा राहून बोलला. समोरच्या वकिलाने हिरवा कोट हातात घेऊन विचारलं, ‘‘कुठे फाटला होता म्हणालात?’’ काकांनी दाखवलं. कोट एका हातातून दुसऱ्या हातात गेला, खिडकीशी गेला, भिंगाखाली गेला. वकील म्हणाला, ‘‘इथे तर काहीच नाही.’’ कुणीतरी हसलं. परत येताना काका रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडले. काकू गेल्या तेव्हा न रडलेला माणूस. त्यांना उठवायला मला आणि लेकीला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. वही कागदपत्रांत जोडली आहे म्हणतात. निकाल लागायचा आहे. मुलगा अजून बापाकडे आहे, आईला रविवारी दोन तास भेटतो, आणि ती उजवा कान त्याच्याकडे करून बसते, असं बहिणीने फोनवर सांगितलं.

लेकीने पेज पुन्हा उघडलं नाही. तिला दुसरीकडे नोकरी लागली. ‘‘मी बाबांचं ऐकायला नको होतं,’’ असं ती मला एकदाच म्हणाली, आणि काका म्हणतात, पोरीला पुसायला मीच लावलं. दोघं एकमेकांना दोष देत नाहीत, हे बघून मला जास्त त्रास होतो.

काका मात्र बदलले. आता ते प्रत्येकाला विचारतात, कसं फाटलं? म्हाताऱ्यांना विचारतात, पुरुषांना विचारतात. लोकांना ते आवडत नाही. पॅन्ट बसताना फाटली हेसुद्धा कुणाला सांगायचं नसतं. जुनी गिऱ्हाइकं तुटली. मी एकदा म्हटलं, ‘‘काका, निदान विचारायची पद्धत तरी जरा गोड करा.’’ ते म्हणाले, ‘‘मला येत नाही हो. कधी विचारलंच नाही ना.’’

गेल्या मंगळवारी एक मुलगी आली. वीस-बावीसची. जांभळा ड्रेस, बाही खांद्यापासून लोंबत होती. काकांनी भिंग लावून बघितलं आणि विचारलं, ‘‘कसं फाटलं?’’

‘‘बसच्या दारात अडकलं.’’

‘‘हे दारात अडकलेलं नाही, बाळ.’’ काकांनी भिंग खाली ठेवलं. ‘‘तू बस जरा. या शेजारच्या मावशी आहेत, त्यांच्याशी बोल. कुणाला कळणार नाही.’’

मुलीने त्यांच्या हातातून ड्रेस ओढून घेतला आणि ती भरभर चालायला लागली. मी पायरीवरून हाका मारल्या. काका धडपडत उठले, डोकं छताला आपटलं, तसेच बाहेर आले. तोवर ती गर्दीत दिसेनाशी झाली होती.

‘‘कुठे गेली, बघितलंत?’’

मी बघितलं होतं. कोपऱ्यावर दुसरा रफूवाला बसतो. ती त्याच्यासमोर उभी होती, आणि त्याने काही न बोलता ड्रेस हातात घेतला होता. मी काकांना तसं सांगितलं.

काकांनी त्या दिशेने बघितलं.

‘‘हात चांगला आहे त्याचा,’’ ते म्हणाले. ‘‘काही दिसणार नाही.’’